नांगर टाकला होता, तरी बोट किनाऱ्यावर कशी आली?

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणावर आलं आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज येऊन रुतलं. खलाशी सुखरूप बाहेर आले. जहाज मात्र पुढे वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं आणि फिरायला येणारे त्याच्यासमोर फोटो काढू लागले. गोव्यात कांदोळीच्या पुळणीवर ‘रिव्हर प्रिन्सेस’ जून २००० मध्ये अशीच येऊन बसली होती, आणि तिला हलवायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. पावसाळ्याच्या तोंडाला अशी बातमी आली की तिच्याखाली एक प्रश्न हमखास असतो: “अहो, नांगर नव्हता का टाकलेला?”

बहुतेक वेळा टाकलेला असतो. तरीही बोट किनाऱ्यावर का येते, ते समजून घ्यायला मोठ्या जहाजापेक्षा दहा-बारा मीटरची शिडाची बोट बरी. तिच्यावर दोन-तीन माणसं, एक लहान इंजिन, एक नांगर आणि साखळी. सगळं डोळ्यांना दिसेल एवढंच. ही बोट एका उघड्या किनाऱ्यासमोर रात्र काढणार आहे असं धरू. उघडा किनारा म्हणजे जिथे खाडी, बेट किंवा बंधारा यांपैकी कशाचाच आडोसा नाही आणि महासागराची लाट थेट पुळणीपर्यंत येते असा किनारा. गुहागरची लांबलचक सरळ पुळण डोळ्यांसमोर आणा.

नांगर वजनावर धरत नाही

सर्वसाधारण समज असा की नांगर जड असतो म्हणून बोट जागची हलत नाही. दहा-बारा मीटरच्या बोटीचं वजन आठ-दहा टन असू शकतं, आणि तिच्या नांगराचं वीस-पंचवीस किलो. वीस किलोचं लोखंड दहा टनांना वजनाच्या जोरावर कसं अडवणार?

नांगर धरतो तो तळात रुतून. गुरं बांधायचा खुंटा आठवा. दावं लांब असेल आणि बैल लांबून ओढत असेल, तर ओढ जमिनीलगत आडवी लागते आणि खुंटा मातीत घट्ट राहतो. तोच बैल खुंट्याजवळ आला आणि आखूड दाव्याने त्याने मान वर झटकली, की खुंटा उपटून हातात. नांगराचंही तेच. ओढ आडवी असली की त्याचा फाळ वाळूत खोल जातो. ओढ वरच्या दिशेने लागली की निघतो.

म्हणून नांगराच्या वजनाआधी विचारायचं ते दोर किंवा साखळी किती सोडली आहे. सोडलेली लांबी आणि पाण्याची खोली यांच्या प्रमाणाला खलाशी ‘स्कोप’ म्हणतात. खोलीच्या तिप्पट दोर सोडला आणि तो ताठ झाला, तर तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन होतो. पाचपट सोडला तर साडेअकरा, सातपट सोडला तर आठ, आणि दहापट सोडला तर सहा अंशांहून कमी. साखळी असेल तर पाचपट, दोर असेल तर सातपट, आणि वारा उठणार असेल तर दहापट, हा जुना हिशेब या कोनांतूनच आला आहे.

गफलत होते ती ‘खोली’ कशाला म्हणायचं इथे. समजा ओहोटीला नांगर टाकला, तेव्हा पाणी ६ मीटर होतं. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर उंच, आणि रात्री भरतीने पाणी आणखी ३ मीटर चढणार. म्हणजे हिशेबाची खोली १० मीटर, आणि सातपट म्हणजे ७० मीटर दोर. ज्याने ६ मीटर धरून ४२ मीटर दोर सोडला, त्याच्या मते तो सातपट होता; नाळेची उंची धरली तर तेव्हाही सहापटच, आणि मध्यरात्रीच्या भरतीला जेमतेम चौपट उरला. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, दक्षिणेला तो कमी होत होत गोव्यात दोनेक मीटरवर येतो. तेव्हा मालवणात जमलेला अंदाज अलिबागला फसतो.

खाली काय आहे?

स्वच्छ, घट्ट वाळू सगळ्यांत चांगली. मऊ चिखलात नांगर जातो सहज, पण तितक्याच सहज सरकतो. खडपात तो अडकतो. अडकला म्हणजे धरला असं वाटतं, पण वारा फिरला की सुटतो, किंवा कायमचाच अडकतो. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या ठिकाणी तर तळाशी प्रवाळ आहेत. तिथे नांगर टाकणं म्हणजे शेकडो वर्षांची वाढ एका फरफटीत मोडणं.

कोकणातल्या होड्यांवर चार फाळांचा नांगर सर्रास दिसतो. तो खडकाळ जागी उत्तम, वाळूत मात्र त्याची पकड तोकडी, कारण त्याचे फाळ अरुंद असतात. वाळूसाठी रुंद फाळाचे नांगर लागतात. १९३३ साली इंग्लंडमध्ये नांगरटीच्या फाळासारखा एक नांगर शोधला गेला, तो ‘सीक्यूआर’ या नावाने जगभर पसरला. शोधणारा कोण, तर जी. आय. टेलर, द्रवांच्या गतीवर मूलभूत काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ. स्वतः शिडाची बोट चालवायचा. त्यानंतर आलेले ‘रोकना’, ‘स्पेड’ वगैरे नांगर आणखी लवकर आणि खोल रुततात. घ्यायचाच असेल तर यांतलाच घ्यावा, आणि बोटीला जो सांगितला आहे त्यापेक्षा एक आकार मोठा. मात्र कोणताही नांगर आखूड दोराची चूक भरून काढत नाही.

वारा दुप्पट, ओढ चौपट

वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १५ सागरी मैलांचा वारा ३० झाला की बोटीवरची ओढ दुप्पट न होता चौपट होते. ४५ झाला की नऊपट. संध्याकाळी “छान धरलाय” असं वाटणाऱ्या नांगराला पहाटे काय सोसावं लागेल, ते म्हणूनच अंदाजाने कळत नाही.

साखळीबद्दलही एक गैरसमज आहे. साखळी जड असते, तिला पाण्यात झोळ पडतो, आणि तो झोळ झटके पचवतो, हे खरं; पण हलक्या आणि मध्यम वाऱ्यात. जोराच्या वाऱ्यात साखळी सळईसारखी ताठ होते. मग प्रत्येक लाटेला नाळ वर उसळते आणि तो सगळा हिसका थेट नांगराला, नाहीतर नाळेवरच्या, नांगर ओढायच्या यंत्राला बसतो. उपाय स्वस्त आहे. साखळीला आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर आकड्याने अडकवून ओढ त्याच्यावर घ्यायची. नायलॉन ताणला जातो आणि हिसका गिळतो. हा दोर नाळेच्या कडेला घासतो तिथे जुना पाइप किंवा जाड कापड गुंडाळायचं. वादळात कित्येक दोर ओढीने तुटण्याआधी घासून तुटतात.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही बंदरात लागू पडतं. उघड्या किनाऱ्याचा खरा प्रश्न लाटेचा आहे.

लाट कुठे फुटेल?

खोल समुद्रात लाट बोटीखालून जाते, बोट वर-खाली होते, बाकी काही नाही. पाणी उथळ झालं की लाटेचा पाय तळाला लागतो, ती उंच होते आणि कोसळते. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात, तीन मीटरची पावणेचार मीटर पाण्यात. फुटणाऱ्या पाण्यात कुठलाही नांगर बोट धरून ठेवत नाही. ठेवलीच तर साखळी तुटते किंवा बोट आडवी होते.

मग अंदाजात ‘दीड मीटर लाटा’ असेल तर दोन मीटर पाण्यात निर्धास्त? नाही. अंदाजातला आकडा ही उंचातल्या उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. रात्रभरात हजारो लाटा येतात आणि त्यांतली एखादी त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट असते. म्हणजे तीन मीटरची एक लाट धरून चालायला हवं. ती पावणेचार मीटर पाण्यात फुटेल. त्यात पूर्ण ओहोटीची खोली, बोटीखालच्या कण्याचे दीड-दोन मीटर, आणि दोर सोडल्यावर बोट मागे किनाऱ्याच्या दिशेने किती सरकेल, हे सगळं धरा. नांगर आठ मीटरवर असेल, पण ६० मीटर मागे असलेली बोट पाच मीटरवर तरंगत असते. मोजायचं ते बोटीखालचं पाणी.

यात एक छुपा पाहुणा असतो. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळ होतं. तिथल्या लाटा काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि अचानक पुळणीवर लाटांचे डोंगर. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते. तेव्हा नुसता वाऱ्याचा अंदाज पाहून भागत नाही. लाटांचा अंदाज, आणि त्यातही दोन लाटांमधला काळ पाहायचा. सहा सेकंदांची दीड मीटर लाट आणि पंधरा सेकंदांची दीड मीटर लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: लांब काळाची लाट तळाला लवकर लागते आणि उथळ पाण्यात जास्त उंच होते.

अनुभवी माणसांचं काय होतं? काबो सान लुकास, १९८२

“हे नवशिक्यांचे प्रश्न” असं वाटत असेल, तर मेक्सिकोतल्या काबो सान लुकासची रात्र पाहावी.

बाहा कॅलिफोर्निया या लांबोळक्या द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला हा उपसागर आहे. हिवाळ्यात तिथे वारा बहुधा उत्तर-वायव्येकडून येतो. उपसागराचं तोंड आग्नेयेकडे, त्यामुळे पाठीशी जमीन, समोर शांत पाणी. अडचण एकच: पाण्याखाली एक खोल दरी जवळजवळ किनाऱ्यापर्यंत येते. नांगर टाकायला वाळूचा अरुंद पट्टाच काय तो. म्हणून बोटी पुळणीला खेटून, एकमेकींच्या जवळ उभ्या राहायच्या. बोटीला नांगराभोवती फिरायला जागा लागू नये म्हणून बऱ्याच जणांनी पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकले होते.

डिसेंबर १९८२ मध्ये वारा आग्नेयेकडून आला. ज्या बाजूला उपसागर उघडा, त्याच बाजूने. जी पुळण आधी आडोशासारखी होती, तिच्याकडेच आता वारा बोटींना ढकलू लागला. लाटा वाढल्या आणि त्या फुटायची रेषा किनाऱ्यापासून बाहेर सरकत सरकत बोटींपर्यंत पोचली. मागच्या नांगरामुळे कित्येक बोटी वाऱ्याला आडव्या राहिल्या, आणि आडव्या बोटीवर ओढ कितीतरी जास्त. एक सुटली की ती शेजारणीवर आदळायची, तिचा दोर घेऊन जायची. पाण्यात तुटके दोर तरंगत होते. इंजिन चालू करणाऱ्यांच्या पंख्यांत ते गुंडाळले गेले. सकाळी पंचवीसहून जास्त बोटी वाळूत पडल्या होत्या.

त्यांत एक होती फ्रेंच खलाशी बेर्नार म्वातसिए याची पोलादी ‘जोशुआ’. हा माणूस साधा नव्हे. १९६८-६९ च्या न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या पहिल्या शर्यतीत तो होता. शर्यत अर्धवट सोडून पुढे जात राहिला आणि दीड फेरा मारून ताहितीला उतरला. (ती शर्यत जिंकली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. त्याची ‘सुहेली’ मुंबईत, सागवानाची बांधलेली.) दक्षिण महासागराच्या लाटांतून सुखरूप आलेली ‘जोशुआ’ एका सहलीच्या पुळणीपुढे, नांगरावर उभी असताना गेली. पुढे इतरांनी ती दुरुस्त केली, आज ती फ्रान्समधल्या ला रोशेलच्या संग्रहालयाकडे आहे. पण म्वातसिएच्या हातून ती सुटली ती त्या रात्रीच.

काबोवर लिहिणारे बरेच जण कुठला नांगर टिकला याचीच चर्चा करतात. माझ्या मते तो दुय्यम मुद्दा आहे. वारा फिरला तेव्हा तिथे राहणं हीच चूक होती. अंधार पडला होता, काही जण गावात होते, दोन नांगर उचलायला वेळ लागला असता, आणि “थोडा वेळ पाहू” असं वाटलं. ते थोडा वेळ पाहणं महाग पडलं.

“पण आमचे कोळी तर वर्षभर उघड्यावर नांगरतात”

वर्षभर नाही, आणि यातच सगळं आलं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात किंवा खाडीत जातात. नैर्ऋत्येचा वारा आपल्या किनाऱ्यावर थेट समुद्राकडून येतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू समुद्र बसतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा खारा वारा, असा रोजचा पाळणा चालतो. त्यातही जाणता तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, डोंगराच्या दक्षिणेची कुशी धरतो, म्हणजे दुपारचा वायव्येचा वारा अंगावर येत नाही. शिवाय त्यांच्या होड्या उथळ बुडाच्या, शिडाच्या बोटीसारखा खोल कणा नसतो. पुळणीला लागल्या तर माणसं जमून ढकलता येतात.

“मग दोन नांगर टाकावेत”

कधी कधी. एका बाजूने लाट आणि दुसऱ्या बाजूने वारा असेल तर बोट रात्रभर हेलकावे खाते. मागे एक हलका नांगर टाकून नाळ लाटेकडे वळवली तर झोप लागते. पण ती सोय झोपेची आहे, वादळाची नाही. वारा वाढायची चिन्हं दिसली की मागचा नांगर पहिला निघाला पाहिजे. दुसरा नांगर टाकून थांबण्यापेक्षा एकच मोठा, नीट रुतवलेला आणि भरपूर दोराचा नांगर चांगला. तो उचलून निघता येतं.

“इंजिन आहे की”

वारा किनाऱ्याकडे आणि लाटा समोरून असताना लहान इंजिन बोटीला जेमतेम पुढे नेतं. टाकीच्या तळाचा गाळ हलून गाळणी तुंबते तीही नेमकी अशाच वेळी. शिडांवर निघायचं म्हटलं तर बोट वाऱ्याच्या थेट समोर जात नाही. पंचेचाळीस अंशांनी, नागमोडी जावं लागतं आणि वळायला मागे जागा लागते. पुळण शंभर मीटरवर असेल तर ती जागाच नसते. किनाऱ्यापासून दूर नांगरणं म्हणूनच भित्रेपणा नव्हे. “जवळ असलं तर पोहून जाता येईल” हा विचार तर उलटाच आहे: फुटणाऱ्या लाटांत पोहत जाणं हा त्या रात्रीतला सगळ्यांत धोकादायक प्रवास असतो.

टाकायचाच असेल तर

दिवसाउजेडी पोचायचं. वाऱ्याकडे नाळ करून, बोट पूर्ण थांबल्यावर नांगर हळू सोडायचा. फेकला तर साखळी त्याच्यावरच ढीग होऊन पडते. बोट मागे सरकेल तसा दोर सोडत जायचं, मग इंजिन उलटं चालवून जोर लावायचा. इंजिन नसेल तर शीड उलट्या बाजूला धरून. किनाऱ्यावरची दोन ठिकाणं, समजा एक देऊळ आणि त्यामागचा माड, एका रेषेत धरायची. ती रेषा सुटली तर नांगर सरकतोय. मोबाइलवरचा जागेचा इशारा देणारा अ‍ॅप लावावा, पण डोळ्यांची रेषा सोडू नये. पाणी स्वच्छ असेल तर उतरून नांगर पाहून यावा. अंधार पडला की चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा.

अंधार व्हायच्या आत आणखी एक काम: इथून खुल्या समुद्राकडे जायची होकायंत्राची दिशा कागदावर लिहून सुकाणूजवळ चिकटवायची. रात्री तीन वाजता, पावसात, दिवे ओळखू येत नाहीत तेव्हा तो आकडा लागतो. किनाऱ्यावर जाण्यायेण्यासाठी बोटीबरोबर असलेली छोटी होडी पाण्यात न ठेवता वर घ्यायची. शिडं बांधून न टाकता चढवायला तयार ठेवायची.

आणि निघायची अट आधीच ठरवायची, संध्याकाळी, डोकं शांत असताना. वारा समुद्राच्या बाजूला फिरला, किंवा लाटा फुटायची रेषा ठरवलेल्या खुणेच्या बाहेर आली, की कितीही वाजले असले तरी निघायचं. नांगर उचलायला वेळ नसेल तर तो सोडून. त्यासाठी साखळीचं आतलं टोक बोटीला लोखंडी कडीने न बांधता दोराने बांधतात. साखळी पूर्ण सोडली की तो दोर नाळेवर येईल इतका लांब, म्हणजे सुरीने कापता येतो. कापण्याआधी त्या टोकाला एक तरंगता डबा बांधायचा आणि जागेची नोंद करायची. समुद्र बसल्यावर परत येऊन नांगर काढता येतो. डब्याचा दोर भरतीची उंची धरून लांब ठेवायचा, नाहीतर उधाणात डबाच पाण्याखाली जातो.